पान एकशे सतरा

१९६७ साली, जून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, ऑल्डन प्रुइट यांच्या स्वयंपाकघरात म्हातारा जेसप टेबलावर मूठ आपटत होता आणि मी टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभी होते.

“पान बावन्न! माणूस घोड्यावर उजवीकडून चढलाय! अरे, माझ्या घोड्यावर असा चढला असता ना, तर घोड्यानं त्याला थेट डकोटात नेऊन आपटला असता.”

“मग डावीकडून चढव,” ऑल्डन शांतपणे म्हणाले. “पेन्सिल तुझ्याच हातात आहे.”

“अडतीस पुस्तकं झाली तुझी. अडतीस! आणि अजून तुला घोड्याची बाजू कळत नाही लेका.”

“मला घोडा लांबूनच कळतो. जवळ आला की शिंका येतात.”

हे अगदी खरं होतं. गुराख्यांच्या आणि बंदुकांच्या अडतीस कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस तबेल्यात पाच मिनिटं उभा राहू शकत नसे. डोळे सुजत, नाक गळायला लागे. आमच्या सेज फोर्क गावात ते तेहतीस वर्षं स्टेशनमास्तर होते. दिवसाला दोन गाड्या, आणि मधला सगळा वेळ रिकामा. त्या वेळात त्यांनी जुन्या मालपावत्यांच्या कोऱ्या पाठीवर कादंबऱ्या लिहिल्या. तारा पाठवून पाठवून त्यांची वाक्यं आखूड झाली होती, आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला तीच आवडत. पुस्तकांवर टोपणनाव असे ‘जड कॅलोवे’, आणि चित्रात जबडा पुढे काढलेला एक दांडगा गडी. गाडीतून उतरणाऱ्या किती जणांच्या हातात ती पुस्तकं असत! आपली ट्रंक तोलून घेणारा चष्मेवाला किडकिडीत माणूस म्हणजेच तो जड कॅलोवे, हे त्यांच्या स्वप्नातही येत नसे.

चुका काढायला जेसप होता. तो चाळीस वर्षं लोमॅक्स घराण्याच्या कुरणावर गुरं वळून म्हातारा झालेला. टाइप करायला मी होते, व्हर्ना लिंडक्विस्ट. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि काउंटीच्या कचेरीत डागणीच्या वह्या सांभाळत होते. आमच्याकडे ज्याची गुरं असतील त्यानं आपलं चिन्ह ठरवायचं, कचेरीत येऊन वहीत चित्रासकट नोंदवायचं आणि मग तापल्या लोखंडानं ते गुरांवर उमटवायचं. वहीत नसलेलं चिन्ह गुरांवर दिसलं, की तो माणूस चोर. इतका साधा हिशेब.

जेसपनं पेन्सिल खिशात घातली. “बरं, यंदाचं नाटक झालं का लिहून? मला दाढी धुवायला टाकायचीय.”

“होतंय,” ऑल्डन म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते नाटक म्हणजे आमच्या गावच्या जुलैमधल्या जत्रेचा जीव. गाव वसवणाऱ्यांची आठवण म्हणून ही जत्रा भरे. मिरवणूक, धावण्याच्या शर्यती, भाजलेलं मांस, आणि दुपारी तीन वाजता नदीकाठच्या मोठ्या झाडाखाली निल्स ऑस्टबीची फाशी. हा ऑस्टबी नॉर्वेहून आलेला. १८९२ साली लोमॅक्सच्या माणसांनी त्याला त्याच झाडाला लटकवलं, कारण त्याच्या तेवीस गाईंवर होडीचं चिन्ह होतं. लोमॅक्सच्या चिन्हावर नवा डाग देऊन त्यानं होडी बनवली, आणि असली होडी वहीत कुठे नोंदलेलीसुद्धा नव्हती, ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

ऑल्डननी त्याचं नाटक १९४९ साली लिहिलं आणि तेव्हापासून लाउडस्पीकरवर निवेदनही तेच करत. दर वर्षी त्यात चार नवे विनोद घालत, आणि मी टाइप करून देई. ऑस्टबी व्हायचा जेसप. गवताच्या रंगाची दाढी लावून, गळ्यात दोर घालून तो गाडीवर उभा राही आणि नॉर्वेकरांच्या मोडक्या बोलीत म्हणे, “मी गाई नाही चोरलं हो साहेब! गाई पोहत पोहत माझ्या होडीत आली!” लोक हसून हसून गवतावर लोळत. मीही हसत असे. खोटं कशाला सांगू?

आदल्या हिवाळ्यात मात्र एक गोष्ट घडली होती. ऑल्डन यांच्या कुंपणापलीकडे बार्टलेटबाई राहत, सिग्ने बार्टलेट, एकोणऐंशी वर्षांच्या. ऑल्डनची बायको वारल्यापासून त्या दर गुरुवारी बटाट्याच्या पातळ पोळ्या करून त्यांना आणून देत आणि जाताना त्यांचं एखादं पुस्तक वाचायला नेत. त्या दिवशी पुस्तक परत करताना त्या म्हणाल्या, “ऑल्डन, तुझ्या प्रत्येक पुस्तकात शेवटी चोराला लटकवतात. पण त्यानं नक्की काय चोरलं होतं, ते मला मेलीला कधी आठवतच नाही. तू तरी तपासून बघतोस का रे?”

ऑल्डन हसले. “तुम्ही जत्रेला येत नाही, म्हणून तुम्हाला चोरांची सवय नाही, बार्टलेटबाई. एवढ्या वर्षांत एकदाही आला नाहीत.”

“कशी येऊ? माझे वडील वर्षातून एकदा मरतात. तेवढा एक दिवस मी घरात बसते.”

हे त्यांनी पोळ्यांवरचं फडकं नीट करता करता सांगितलं. ऑस्टबी मेला तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. आईनं पुढे रेल्वेच्या रूळदुरुस्तीवरच्या एका माणसाशी लग्न केलं, मग लेकीचंही लग्न झालं, आणि ऑस्टबी हे नाव गावात फक्त जत्रेपुरतं उरलं. मी तिथेच, टाइपरायटरपाशी होते. ऑल्डन त्या गेल्यावर बराच वेळ दाराकडे बघत राहिले. पोळ्या तशाच राहिल्या.

त्यानंतर त्यांनी जड कॅलोवेला बाजूला ठेवलं आणि निराळंच पुस्तक लिहायला घेतलं. जुन्या काळातली रहस्यकथा, स्वतःच्या खऱ्या नावानं. मार्चमध्ये ते माझ्या कचेरीत आले आणि त्यांनी १८९२ची डागवही मागितली.

“अनुक्रमणिकेत ऑस्टबी नाही,” मी लगेच म्हणाले. जरा जास्तच लगेच.

“नसू दे. मी पहिल्या पानापासून वाचीन. आता मला कुठल्या गाडीची घाई आहे?”

कचेरीत वही कोणी पानं उलटून वाचत नाही. सगळे अनुक्रमणिकेत नाव बघतात आणि त्या पानावर जातात. पंचाहत्तर वर्षं सगळ्यांनी तेच केलं होतं. ऑल्डन मात्र रोज डब्यात सँडविच घेऊन खिडकीपाशी बसत आणि एकेक चिन्ह न्याहाळत. नाल, घंटा, आडवा पडलेला इंग्रजी आठ. मी समोर बसून कागदांना टाचण्या लावी आणि ते कितव्या पानावर आलेत ते चोरून बघी.

कारण मला ठाऊक होतं. १९५६ साली त्या वहीची शिवण उसवली म्हणून ती माझ्याकडे दुरुस्तीला दिली होती. पान एकशे सतराला गोंदाची पट्टी लावताना मी ती होडी पाहिली होती. तिच्यावर आडवं वल्हं. खाली निल्स ऑस्टबीचं नाव, तारीख, आणि नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याची सही: ऑगस्ट लिंडक्विस्ट. माझे आजोबा. काउंटीचे पहिले कारकून. त्यांची तसबीर कचेरीच्या दालनात टांगलेली होती, चर्चच्या घंटेवर त्यांचं नाव होतं. मी पट्टी लावली, वही मिटली आणि कपाटात ठेवली.

तर त्या जूनमधल्या शनिवारी जेसप गेला, आणि ऑल्डननी माझ्यासमोर खुर्ची सरकवली.

“व्हर्ना, एप्रिलमध्येच मी एकशे सतराव्या पानावर पोचलो.”

मी कागदांच्या कडा सारख्या करत राहिले.

“नोंद नऊ एप्रिलची आहे. फाशी सत्तावीस जूनची. होडी अकरा आठवडे आधीपासून वहीत होती. पानाला गोंदाची पट्टी आहे. जुनी नाही. कोणी लावली?”

“मी.”

“कधी?”

“अकरा वर्षं झाली.”

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. “आणि अकरा वर्षं तू माझं नाटक टाइप करतेस.”

“तुम्ही लिहिता म्हणून मी टाइप करते!” मी फणकारले. चूक आपली असली की माणूस फणकारतोच.

“तेही खरंय,” ते म्हणाले. “पोहत आलेल्या गाई माझ्याच.”

मग मी रडले. रडता रडता म्हणाले, की आजोबांनी असं का केलं असेल, मला कळत नाही. ऑल्डननी कॉफी पुढे सरकवली आणि, रहस्यकथा लिहिणारा माणूस तो, त्यांनी शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. अनुक्रमणिका तेव्हा डिसेंबरात करायची रीत होती. जूनमध्ये लोमॅक्सची माणसं घोड्यांवर कचेरीच्या दारात आली असतील आणि त्यांनी विचारलं असेल, होडी वहीत आहे का? दहाबारा बंदुका समोर बघून आजोबांनी नाही म्हटलं असेल. पानांना आकडे छापलेले, पान फाडता येईना. मग डिसेंबरात, त्या एका ‘नाही’ला धरून, नाव गाळलं.

“घाबरले असतील गं. मीही घाबरलो असतो. मी तर घोड्यालाही घाबरतो.”

“मग कादंबरीत लिहा. नावं बदलून लिहा.”

त्यांनी खिशातून न्यूयॉर्कचं पत्र काढून माझ्यापुढे टाकलं; शेवटासकट गोष्टीचा आराखडा त्यांनी मला न दाखवता मेमध्येच तिकडे पाठवला होता. संपादकानं लिहिलं होतं, की पुस्तक चांगलं आहे, पण कोणी काही चोरलंच नाही तर रहस्य कसलं? शेवटी नॉर्वेकरच चोर निघाला पाहिजे, वाचकाला धक्का बसेल. तेवढं बदला, लगेच छापतो.

“अडतीस वेळा मी त्यांचं ऐकलं,” ऑल्डन म्हणाले. “आता नाही. पुस्तक निघो न निघो, जत्रेतला लाउडस्पीकर माझ्या हातात आहे. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? जन्मभर थापा लिहून पोट भरलेला माणूस मी. त्या लोमॅक्सचा नातू बक म्हणेल, ही ऑल्डनची एकोणचाळिसावी गोष्ट. मला त्या पानाची नक्कल हवी, व्हर्ना. कचेरीच्या शिक्क्याची. तुझ्या सहीची.”

“आणि आजोबांची सही? ती वाचणार?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “ती गाळली तर मी तेच केलं, जे त्यांनी केलं.”

मी घरी आले. बक लोमॅक्स जत्रा समितीचा अध्यक्ष होता, कचेरीच्या मंडळावर होता, आणि दर नाताळात आम्हा सगळ्यांना हसत हसत हात मिळवून जायचा. नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती दालनातल्या तसबिरीची होती. आई अजून जिवंत होती, आणि दर रविवारी चर्चची घंटा वाजली की ती माझ्याकडे बघून मान हलवायची, आपल्या घरची घंटा म्हणून.

चार आठवडे गेले. ऑल्डननी पुन्हा विषय काढला नाही. जत्रेच्या आदल्या गुरुवारी मी कागद द्यायला गेले तर कुंपणापाशी बार्टलेटबाई पोळ्यांची परडी घेऊन उभ्या होत्या.

“ऑल्डन घरात नाही वाटतं. तूच घे.” परडी देताना त्यांनी माझा हात धरला. “तू त्या वह्यांच्या खात्यात आहेस ना गं? एक विचारू? आई मरेपर्यंत म्हणायची, होडी वहीत आहे, तुझ्या बापानं तुला खांद्यावर बसवून नेलं होतं कचेरीत, माझ्यासमोर तिथल्या बाबानं चित्र काढलं. लोक म्हणायचे, बाई भ्रमिष्ट झालीय. मला काही नको. कोणाला शिक्षा नको, आता राहिलंय कोण? नुसतं सांग. आई भ्रमिष्ट होती का?”

त्यांच्या बोटांना पीठ लागलं होतं. मी म्हणाले, “नाही. होडी वहीत आहे.”

त्यांनी मान डोलावली, जणू मी त्यांना गाडीची वेळ सांगितली होती. “पोळ्या आजच खा म्हणावं. उद्या कडक होतात,” असं म्हणून त्या आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या मी वही काढली, पान एकशे सतराची नक्कल केली, होडी काढली, वल्हं काढलं, आजोबांची सही जशीच्या तशी उतरवली. खाली माझी सही केली आणि शिक्का मारला. लिंडक्विस्टखाली लिंडक्विस्ट.

शनिवारी दुपारी तीन वाजता झाडाखाली निदान सहाशे माणसं होती. जेसप दाढी लावून गाडीवर चढला, तेव्हाच टाळ्या पडल्या. बक लोमॅक्स पांढरी हॅट घालून पुढच्या खुर्चीवर बसला होता. ऑल्डननी खिशातून कागद काढला.

“सेज फोर्क काउंटीची डागवही, वर्ष १८९२, पान एकशे सतरा,” त्यांनी वाचलं. “चिन्ह, होडी. तिच्यावर आडवं वल्हं.”

लोक हसले. यंदाचा नवा विनोद, असं त्यांना वाटलं. कोणीतरी मागून ओरडलं, “गाईंना पोहता येतं का विचारा!”

“मालक, निल्स ऑस्टबी. तेवीस गाई, डाव्या पुठ्ठ्यावर. नोंदीची तारीख, नऊ एप्रिल.” ऑल्डन थांबले. तारयंत्रावर थांबत तसे. “फाशीची तारीख, सत्तावीस जून. नोंद करणारा, ऑगस्ट लिंडक्विस्ट. नक्कल खरी असल्याबद्दल सही, व्हर्ना लिंडक्विस्ट.”

हसू विझायला वेळ लागला. पुढच्या रांगांत आधी विझलं, मागे नंतर. दोनतीन माणसं माझ्याकडे वळून बघू लागली. बक लोमॅक्स उठून माइकपाशी आला. त्याचा चेहरा अजून अर्धा हसराच होता.

“ऑल्डन, हे नाटकात नाही.”

“नाही, बक. हे वहीत आहे.”

“माझ्या आजोबांना खोटं पाडतोस? सगळ्या गावापुढे?”

“तिच्या आजोबांनासुद्धा,” ऑल्डन म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “ती बघ, तिथेच उभी आहे. पळाली नाही.”

मला पळायचंच होतं. पण पाय हलले नाहीत, आणि तेच धैर्य म्हणून माझ्या नावावर जमा झालं.

गाडीवर जेसप तसाच उभा होता. त्यानं आधी गळ्यातला दोर काढला. मग दाढी काढली, ती हातात धरून उलटसुलट बघितली. माइक जवळ असल्यामुळे त्याचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू आलं. “मग मी इतकी वर्षं कोणाची टिंगल केली रे?”

बँडवाल्यांना वाजवायला सांगितलं, त्यांनी काहीतरी वाजवलं. लोक जेवायला गेले.

नाटक पुन्हा झालं नाही. कोणी ठराव केला नाही; पुढच्या वर्षी त्या वेळेला रस्सीखेच ठेवली. गावातले काही लोक ऑल्डनशी बोलेनासे झाले. ते न्हाव्याच्या दुकानात शिरले की गप्पा थांबायच्या. बक लोमॅक्सनं दोन हिवाळे त्यांच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात बार्टलेटबाईंच्या आणि ऑल्डनच्या, दोघांच्याही दारात गाईच्या मांसाचा एकेक पाव हिस्सा कापून, कागदात बांधून ठेवलेला सापडला. चिठ्ठी नव्हती. बक पुढे काउंटीचा अध्यक्ष झाला आणि म्हातारपणी मुलाकडे ॲरिझोनाला जाऊन वारला.

जेसप १९७१ साली गेला. ती दाढी त्यानं चिमण्यांना घरट्यासाठी कुंपणावर टाकली होती, असं त्याची भाची सांगते.

ऑल्डनचं पुस्तक न्यूयॉर्कनं घेतलं नाही. डेनव्हरच्या एका छोट्या छापखान्यानं ते १९६९ साली काढलं, मुखपृष्ठावर जबडा नव्हता, नुसती एक वही होती. नंतर त्यांनी जुन्या काळातल्या आणखी चार रहस्यकथा लिहिल्या, सगळ्या स्वतःच्या नावानं. खपात त्या जड कॅलोवेच्या पासंगालाही पुरल्या नाहीत. मी सगळ्या टाइप केल्या. ते १९७५ साली गेले. शेवटच्या पुस्तकात एक माणूस घोड्यावर चढतो. तपासायला जेसप नव्हता, तरी तो डावीकडून चढतो.

बार्टलेटबाई पंच्याऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या. शिक्क्याची नक्कल त्यांच्या बायबलमध्ये, आईच्या फोटोजवळ सापडली. थडग्यावर त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे दोन्ही आडनावं आहेत.

माझी नोकरी गेली नाही. आई दोन महिने बोलली नाही, मग बोलली. आजोबांची तसबीर दालनात तशीच राहिली. मी रोज तिच्याखालून जात राहिले आणि हळूहळू तिच्याकडे बघू लागले.

१९९८ साली मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी, सगळे केक कापायला जमले असताना, मी कपाटातून १८९२ची वही काढली आणि प्रथमच, इतक्या वर्षांत प्रथमच, तिची अनुक्रमणिका सावकाश वाचली. आजोबांचं अक्षर दाट होतं, ओळीला ओळ चिकटून, नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. ओकली. ऑल्सन. मग एक ओळ कोरी. मग ओव्हर्टन. सगळ्या अनुक्रमणिकेत तेवढी एकच ओळ त्यांनी मोकळी सोडली होती.

मी बाहेरून हाका येत असताना पेन उघडलं आणि त्या ओळीत, जमेल तितकं त्यांच्यासारखं अक्षर काढून लिहिलं: ऑस्टबी, निल्स. पान एकशे सतरा. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.